दिसण्याचे मोल, न दिसण्याची किंमत

१५ जानेवारी २०२५ रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'निलगिरी' आणि 'सूरत' या दोन युद्धनौका व 'वाघशीर' ही पाणबुडी एकाच समारंभात नौदलात दाखल झाली. तिन्ही माझगाव गोदीत बांधलेल्या. यांपैकी पहिल्या दोन नौकांविषयी बोलताना 'रडारला न दिसणाऱ्या' असे विशेषण सर्रास वापरले जाते. वास्तविक ते शब्दशः खरे नाही. सहा-सात हजार टनांचे पोलादी जहाज रडारला दिसत नाही असे होत नाही; ते आहे त्यापेक्षा पुष्कळ लहान दिसते एवढेच. एखाद्या मासेमारी होडीएवढे दिसावे, म्हणजे शत्रूच्या पडद्यावर ते होड्यांच्या गर्दीत हरवून जावे, हा त्यामागचा हेतू असतो.

याच किनाऱ्यावर, गोदीच्या उत्तरेस तीस-पस्तीस किलोमीटरवर, कांदिवलीतील चारकोपची वस्ती संपते आणि खारफुटी सुरू होते. खाडीपलीकडे गोराई आणि मनोरी, अलीकडे मार्वे आणि मढ. या बंदरांतून होड्या घेऊन निघणाऱ्या तांडेलाची अडचण नेमकी उलटी असते. रात्री, पावसाळी हवेत किंवा धुक्यात समोरून येणाऱ्या मालवाहू जहाजाने आपल्याला पाहावे अशी त्याची इच्छा असते आणि नेमके तेच होत नाही. एकाला दिसायचे नाही म्हणून राष्ट्र हजारो कोटी रुपये खर्च करते. दुसऱ्याला दिसायचे आहे, पण त्याच्या दिसण्याची कोणी फारशी फिकीर करीत नाही. या दोन्ही गोष्टी भौतिकशास्त्रातील एकाच राशीशी निगडित आहेत. तिला मराठीत 'रडार काटछेद' असे म्हणता येईल. ही राशी कशी मोजतात, तिचे भाकीत कसे करतात आणि तिच्यावर सार्वजनिक पैसा कसा खर्च व्हावा, हा प्रश्न केवळ अभियंत्यांचा नाही.

आकार म्हणजे काटछेद नव्हे

रडार रेडिओ लहरी सोडते. त्या वस्तूवर आपटून परत येतात आणि त्या परत आलेल्या क्षीण प्रतिध्वनीवरून वस्तूचे अस्तित्व व अंतर कळते. कोणती वस्तू किती प्रतिध्वनी देते याचे माप म्हणजे तिचा रडार काटछेद. तो चौरस मीटरमध्ये सांगतात. परंतु वस्तूच्या प्रत्यक्ष क्षेत्रफळाशी त्याचा संबंध फारच सैल असतो. माप म्हणून धातूचा गुळगुळीत गोल घेतात, कारण गोल कोठूनही पाहिला तरी सारखाच दिसतो. सुमारे १ मीटर १३ सेंटिमीटर व्यासाच्या धातूच्या गोलाचा काटछेद १ चौरस मीटर असतो. एखाद्या वस्तूचा काटछेद १०० चौरस मीटर आहे म्हणजे ती अशा शंभर गोलांइतका प्रतिध्वनी देते.

आता धातूचा एक सपाट पत्रा घ्या, लांबी-रुंदी एकेक मीटर. ३ सेंटिमीटर लांबीच्या लहरी त्यावर अगदी समोरून पडल्या, तर त्याचा काटछेद जवळजवळ १४,००० चौरस मीटर भरतो. हाच पत्रा थोडा तिरका केला की सर्व लहरी दुसरीकडे निघून जातात आणि काटछेद अकस्मात नगण्य होतो. आरशातील सूर्याचे प्रतिबिंब डोळ्यांवर आले तर डोळे दिपतात, आरसा किंचित वळवला की काहीच दिसत नाही, तसाच हा प्रकार. मात्र तीन पत्रे परस्परांशी काटकोनात जोडून खोलीच्या कोपऱ्यासारखा आकार केला, तर त्यात शिरलेली लहर तीन वेळा परावर्तित होऊन आली त्याच दिशेला परत जाते. तो कोपरा थोडा इकडेतिकडे हलला तरी चालते. अशा ३० सेंटिमीटर कडांच्या त्रिकोणी कोपऱ्याचा काटछेद ३ सेंटिमीटरच्या आसपासच्या लहरींना ३० चौरस मीटरांहून अधिक येतो. कडा दुप्पट केल्या तर तो सोळापट होतो.

तात्पर्य असे, की रडारच्या दृष्टीने वस्तूचा आकार गौण आणि तिची घडण प्रमुख. युद्धनौकेच्या भिंती तिरक्या का असतात, तिच्या डेकवर पूर्वीच्या जहाजांसारखी दोरखंडांची, शिड्यांची आणि कठड्यांची गर्दी का नसते, याचे उत्तर येथे आहे. जुन्या जहाजावर भिंत आणि डेक जेथे काटकोनात मिळतात तेथे नकळत असे शेकडो कोपरे तयार झालेले असत. नव्या जहाजाचा आराखडा करणारे प्रथम हे कोपरे शोधून काढून टाकतात.

मोजमापाची अडचण

ही राशी मोजण्याची पद्धत तत्त्वतः सोपी आहे. वस्तू एका फिरत्या आधारावर ठेवावी, तिच्यावर लहरी सोडाव्यात, प्रतिध्वनी टिपावा. मग तिच्या जागी ज्ञात काटछेदाचा गोल ठेवून पुन्हा टिपावा आणि दोहोंची तुलना करावी. वाण्याच्या तराजूत वजने असतात, येथे गोल असतो. भोवतालच्या भिंतींचा प्रतिध्वनी मिसळू नये म्हणून हे काम लहरी शोषणाऱ्या शंकूंनी मढवलेल्या दालनात किंवा मोकळ्या मैदानावर करतात.

अडचण येते ती अंतराची. लहरी वस्तूपाशी सपाट होऊन पोहोचल्या पाहिजेत, आणि त्यासाठी वस्तूच्या लांबीच्या वर्गाची दुप्पट भागिले लहरीची लांबी, एवढे अंतर लागते. १० मीटरच्या होडीला ३ सेंटिमीटरच्या लहरींसाठी हे अंतर साडेसहा किलोमीटरांहून थोडे अधिक येते. १५ मीटरच्या विमानाला १५ किलोमीटर. आणि 'सूरत'च्या वर्गातील १६३ मीटर लांबीच्या विनाशिकेला? हिशेब केला तर सतराशे किलोमीटरांच्या वर. पृथ्वीच्या गोलाईमुळे एवढ्या अंतरावरून समुद्रपातळीवरचे जहाज दिसणारच नाही. म्हणून मोठ्या वस्तूंच्या बाबतीत छोट्या प्रतिकृती करतात. जहाजाची प्रतिकृती शंभरपट लहान केली तर लहरीची लांबीही शंभरपट लहान घ्यावयाची आणि आलेल्या काटछेदाला शंभराच्या वर्गाने, म्हणजे दहा हजारांनी, गुणावयाचे.

एवढे करूनही हाती येतो तो एक आकडा नसतो. प्रत्येक कोनाला, प्रत्येक लहरीला, लहरीच्या आंदोलनाच्या दिशेलाही वेगळा आकडा. अंशभर कोन बदलला की काटछेद दहापट वाढू शकतो किंवा दशांश होऊ शकतो. म्हणून सोयीसाठी सरासरी काढतात, आणि सरासरीचे सर्व धोके त्यात येतात. दरडोई उत्पन्नाच्या आकड्यावरून गरिबाच्या ताटात काय पडते ते कळत नाही. त्याचप्रमाणे सरासरी काटछेदावरून एखाद्या क्षणी, एखाद्या दिशेने जहाज किती उघडे पडते ते कळत नाही. 'अमुक जहाज इतक्या पट लहान दिसते' असा आकडा वाचताना कोणत्या कोनातून आणि कोणत्या लहरींना, हे विचारण्याची सवय वाचकाने लावून घेतली पाहिजे.

भाकिताचा इतिहास

जहाज बांधून झाल्यावर ते फार मोठे दिसते असे कळून उपयोग नाही. ते कागदावर असतानाच सांगता आले पाहिजे. याला लागणारे मूळ गणित मॅक्सवेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकातच मांडले होते. परंतु ते अचूक सोडवता येते ते गोलासारख्या मोजक्याच आकारांसाठी. गोलाचे संपूर्ण उत्तर गुस्ताव मी या जर्मन शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये दिले. विमानासारख्या वेड्यावाकड्या आकाराला तसे उत्तर नाही.

मोठ्या सपाट पृष्ठभागाचा प्रतिध्वनी काढण्याची ढोबळ रीत माहीत होती. पण पृष्ठभाग तिरका केल्यावर उरतो तो कडांचा प्रतिध्वनी, आणि तेथे ही रीत चुकत असे. प्योत्र उफिमत्सेव या सोव्हिएत शास्त्रज्ञाने कडांवरून विखुरणाऱ्या लहरींचा हिशेब मांडला आणि तो १९६२ मध्ये मॉस्कोत पुस्तकरूपाने उघडपणे प्रसिद्ध झाला. त्याच्या स्वतःच्या देशाला त्यात युद्धोपयोगी असे काही दिसले नाही. पुढे अमेरिकेत त्याचा अनुवाद झाला, लॉकहीड कंपनीतील गणितज्ञांच्या तो हाती पडला आणि त्याच्या आधारे त्यांनी संगणकावर विमानाचा आकार बेतला. त्या चाचणी विमानाचे पहिले उड्डाण १९७७ च्या डिसेंबरात झाले. पुढचे 'एफ-११७' हे विमान सपाट पैलूंचे, एखाद्या ओबडधोबड कापलेल्या हिऱ्यासारखे होते, कारण वक्र पृष्ठभागाचा हिशेब करण्याची तेव्हाच्या संगणकांची ताकद नव्हती. ज्ञान एका देशात निर्माण झाले, छापले गेले, कोणालाही वाचता येत होते. लाभ मात्र ज्याच्यापाशी ते वापरण्याची संघटना आणि भांडवल होते त्याला झाला. संशोधनावर खर्च करूनही ते कारखान्यापर्यंत न पोहोचवणाऱ्या देशांनी ही कथा विसरू नये.

आजचे संगणक वस्तूचा पृष्ठभाग बारीक चौकोनांत विभागून प्रत्येक चौकोनातील विद्युतप्रवाह काढतात. चौकोनाची बाजू लहरीच्या दहाव्या हिश्शाएवढी असावी लागते. ३ सेंटिमीटरच्या लहरीसाठी म्हणजे ३ मिलिमीटर. त्यामुळे एका चौरस मीटरला एक लाखाहून अधिक चौकोन होतात. अख्ख्या जहाजाचा असा हिशेब करणे आजही महाग पडते, म्हणून मोठ्या सपाट भागांना ढोबळ रीत आणि कडा-कोपऱ्यांना सूक्ष्म रीत अशी वाटणी करतात. पण भाकीत कितीही चांगले असले तरी ते एका विशिष्ट लहरीपुरते असते. २७ मार्च १९९९ रोजी सर्बियात याच 'एफ-११७' विमानांपैकी एक जुन्या सोव्हिएत क्षेपणास्त्राने पाडले गेले. जुन्या बनावटीच्या लांब लहरींच्या रडारपुढे पैलूंची किमया तितकीशी चालत नाही, ही गोष्ट त्या घटनेनंतर सर्वांच्या लक्षात आली.

घटत्या फलाचा नियम

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या विषयातील एक सूत्र विशेष उद्बोधक वाटावे. रडार एखादी वस्तू किती अंतरावरून पाहू शकते हे तिच्या काटछेदाच्या चतुर्थ मुळावर अवलंबून असते. काटछेद निम्मा केला तर दिसण्याचे अंतर निम्मे होत नाही. ते केवळ सोळा टक्क्यांनी घटते. अंतर निम्मे करावयाचे तर काटछेद सोळापट कमी करावा लागतो आणि अंतर दशांश करावयाचे तर दहा हजारपट. घटत्या सीमांत फलाचे इतके कठोर उदाहरण शेतीतही सापडणार नाही.

यातून धोरणविषयक निष्कर्ष निघतो. पहिली मोठी घट आकारामुळे मिळते आणि आराखड्याच्या टप्प्यावर ती तुलनेने स्वस्त पडते, कारण पोलाद सरळ उभे केले काय आणि तिरके केले काय, वजन फारसे बदलत नाही. त्यानंतरची घट लहरी शोषणाऱ्या लेपांनी, झाकलेल्या शिडांनी व विशेष साहित्याने मिळवावी लागते. तिचा खर्च वाढत जातो आणि देखभाल कायमची मागे लागते. 'निलगिरी' ही ज्या योजनेतील पहिली नौका आहे त्या योजनेत एकूण सात नौका असून त्यांतील चार माझगावला व तीन कोलकात्याला बांधावयाच्या ठरल्या. सर्व मिळून खर्च सुमारे ४५ हजार कोटी रुपये, म्हणजे एका नौकेला सहा हजार कोटींच्या वर. राष्ट्रसंरक्षणासाठी हा खर्च व्हावा की नाही, हा येथे वादाचा मुद्दा नाही. दिसणे आणि न दिसणे यांचे शास्त्र ज्या देशाला एवढे अवगत झाले आहे, त्या देशाने त्याचा वापर आपल्या सामान्य नागरिकांसाठी किती केला, हा प्रश्न आहे.

होडी का दिसत नाही

रडारची मूळ कल्पना युद्धासाठी जन्मलेली नाही, याचे स्मरण येथे उचित ठरेल. १९०४ मध्ये क्रिस्तियान ह्युल्समायर या जर्मन अभियंत्याने कोलोन येथे ऱ्हाईन नदीवर जे उपकरण दाखवले, त्याचा उद्देश धुक्यात जहाजांची टक्कर टाळणे हा होता. सव्वाशे वर्षे होत आली. पण टक्करी संपलेल्या नाहीत. जून २०१७ मध्ये कोचीजवळ 'अँबर एल' या मालवाहू जहाजाने मासेमारी होडीला धडक दिली आणि मच्छीमारांचे प्राण गेले. आपल्या किनाऱ्यावर जवाहरलाल नेहरू बंदर आणि मुंबई बंदर यांच्याकडे जाणाऱ्या अजस्र जहाजांची वाट आणि मासे मिळण्याची जागा यांच्यात फारसे अंतर उरलेले नाही.

लाकूड लहरींना फारसे परतवत नाही. लाकडाच्या जागी आता फायबर येत आहे आणि त्याच्यातून लहरी बव्हंशी आरपार जातात. होडीतील खरे धातूचे सामान म्हणजे इंजिन. ते तळाशी, पाण्याच्या पातळीलगत असते. शिवाय समुद्राच्या लाटाही प्रतिध्वनी देतात. खवळलेल्या समुद्रात रडारच्या पडद्यावर जो कचरा उमटतो त्यात होडीचा ठिपका बुडून जातो. येथे अधिक शक्तीचे रडार बसवून भागत नाही, कारण शक्ती वाढवली की होडीबरोबर लाटांचा प्रतिध्वनीही तेवढाच वाढतो. उपाय एकच: होडीचाच काटछेद वाढवणे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री दहशतवादी मुंबईत उतरले ते प्रथम पळवलेल्या 'कुबेर' या मासेमारी नौकेतून आणि शेवटी कफ परेडच्या मच्छीमार वसाहतीपाशी हवा भरलेल्या रबरी होडीतून. रडारच्या दृष्टीने याहून क्षुद्र वस्तू क्वचितच असेल. त्यानंतर देशाच्या किनाऱ्यावर रडारांची साखळी उभारण्यात आली. पहिल्या टप्प्यात ४६ ठाणी, पुढच्या टप्प्यात ३८. परंतु जुलै २०११ च्या अखेरीस, खलाशांनी ओमानकडील समुद्रात सोडून दिलेले 'पवित' हे हजारएक टनांचे जहाज वाहत वाहत थेट जुहूच्या वाळूत येऊन रुतले आणि तोपर्यंत कोणालाही त्याची खबर लागली नाही. त्या जहाजाचा काटछेद काही लहान नव्हता. दिसण्याजोगी वस्तू दिसावी यासाठीही कोणीतरी पाहावे लागते, हा धडा जुहूच्या किनाऱ्यावर मिळाला.

३० ऑगस्ट २०२४ रोजी पालघर येथील समारंभात मच्छीमारी नौकांवर एक लाख संदेशक यंत्रे मोफत बसवण्याची योजना सुरू झाली. खर्च सुमारे ३६० कोटी, म्हणजे होडीमागे सुमारे ३६ हजार रुपये. 'निलगिरी'सारख्या एका नौकेच्या किमतीचा हा अठरावा हिस्सा भरेल. योजना स्वागतार्ह आहे यात शंका नाही. वादळाचा इशारा देणे, संकटात हाक पोहोचवणे ही कामे पत्र्याचा तुकडा करू शकत नाही. पण यंत्राला वीज लागते, खारी हवा त्याला गंजवते आणि बिघडले तर दुरुस्तीसाठी बंदरावर माणूस असावा लागतो. समोरून येणाऱ्या परदेशी जहाजाच्या साध्या रडारवर होडी उमटावी, एवढ्यापुरता विचार केला, तर डोलकाठीच्या टोकाला नीट काटकोनात जोडलेल्या पत्र्यांचा परावर्तक हे त्याहून कितीतरी स्वस्त साधन आहे. त्याला वीज नको, वर्गणी नको, बटन दाबायला नको. लहान नौकांसाठीच्या परावर्तकांच्या आंतरराष्ट्रीय मानकात ३ सेंटिमीटरच्या लहरींना किमान साडेसात चौरस मीटर काटछेद अपेक्षित आहे. वर सांगितलेल्या हिशेबाने वीतभर-दीड वीत कडांच्या कोपऱ्यांचा संच त्याच्या जवळ पोहोचतो. अट एवढीच की काटकोन अचूक हवा आणि परावर्तक उंच बांधलेला हवा. कोन दोन-चार अंशांनी चुकला तर निम्म्याहून अधिक गुण निघून जातो. म्हणूनच गल्लीतल्या पत्रेवाल्याकडून करून घेतलेला आणि तपासून प्रमाणित झालेला परावर्तक यांत फरक पडतो.

मग तो प्रत्येक होडीवर का नाही? कारण त्याचा लाभ वाटला जातो. तांडेलाला मिळणारी सुरक्षितता हा लाभाचा एक भाग. बाकीचा लाभ मालवाहू जहाजाला, विमा कंपनीला, तटरक्षक दलाला आणि एकूण समाजाला. खर्च मात्र एकट्या नाखव्याने करावा अशी अपेक्षा. जेथे लाभ सार्वजनिक आणि खर्च खाजगी असतो, तेथे आवश्यक त्यापेक्षा कमी खर्च होतो हे अर्थशास्त्राचे पहिल्या इयत्तेचे पाठ आहेत. दुसरे कारण नाजूक आहे. प्रत्येक वेळी दिसणे नाखव्याच्या हिताचे असतेच असे नाही. कोणत्या ठिकाणी मासळी सापडली हे त्याला शेजाऱ्यापासून लपवावेसे वाटते. आणि बंदी असलेल्या प्रखर दिव्यांच्या मासेमारीला जे जातात त्यांना तर अंधारच प्रिय. म्हणून नुसता हुकूम काढून भागणार नाही. जो दिसतो त्याच्या मागे तपासणीचा जाच लागतो आणि जो दिसत नाही तो सुटतो, असा अनुभव आला तर प्रामाणिक माणूसही परावर्तक उतरवून ठेवील.

थेंबाचा काटछेद

समुद्राशी संबंध नसलेल्या कांदिवलीकराला हा सारा विषय दूरचा वाटेल. पण तो सकाळची लोकल पकडतो आणि जूननंतर आकाशाकडे पाहून संध्याकाळी घरी पोहोचण्याचा अंदाज बांधतो. त्याच्या डोक्यावरच्या ढगातील थेंबालाही काटछेद असतो, आणि हवामान खात्याचे रडार मोजते ते हेच.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३ मिलिमीटरच्या आसपास. एकाच शहरात वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतराने एवढी तफावत. मिठीप्रमाणेच उपनगरांतील पोयसर, दहिसर या नद्याही त्या दिवशी फुगल्या, रेल्वे थांबली, माणसे बुडाली. वाऱ्याचा वेग मोजणारे डॉप्लर पद्धतीचे हवामान रडार तेव्हा मुंबईत नव्हते. ते पुढे कुलाब्याला आले. आणि दुसरे जानेवारी २०२२ मध्ये अंधेरीजवळ वेरावलीच्या टेकडीवर कार्यान्वित झाले. कुलाब्याहून कांदिवली तीस किलोमीटरांहून दूर. वेरावलीहून दहाच्या आत. उपनगरांवरचे ढग जवळून पाहता येऊ लागले, ही प्रगती खरीच.

परंतु रडारवर दिसतो तो पाऊस आणि गटारात येतो तो पाऊस यांचे नाते सरळ नाही. लहरीपेक्षा खूप लहान थेंबाचा काटछेद त्याच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. त्यातील पाणी मात्र तिसऱ्या घाताने. चार मिलिमीटरचा एक थेंब एक मिलिमीटरच्या ४,०९६ थेंबांइतका प्रतिध्वनी देतो, पण त्यात पाणी असते फक्त अशा ६४ थेंबांएवढे. म्हणजे पडद्यावर अगदी सारखाच रंग दाखवणाऱ्या दोन ढगांपैकी एकात दुसऱ्याच्या चौसष्टपट पाणी असू शकते. निसर्गात लहान-मोठे थेंब मिसळलेले असल्याने तफावत इतक्या टोकाला जात नाही. पण ती असते. प्रतिध्वनीवरून पाऊस काढण्याचे जे सूत्र जगभर पाठ्यपुस्तकांत आहे, ते मार्शल आणि पामर यांनी १९४८ मध्ये कॅनडातील पावसावरून बसवले. सह्याद्रीच्या पायथ्याशी कोसळणाऱ्या मोसमी पावसाचे थेंब कॅनडातील थेंबांसारखेच असतील असे मानण्यास आधार नाही. येथले सूत्र येथल्याच पावसावरून बसवले पाहिजे, आणि त्यासाठी रडारच्या नजरेखाली जमिनीवर जागोजागी पर्जन्यमापक हवेत. मोजमापावाचून भाकीत म्हणजे आकड्यांचा पोशाख घातलेला तर्क.

काय करता येईल

या सर्व विवेचनातून तीन गोष्टी सुचतात. पहिली, महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर ज्या ज्या प्रकारच्या होड्या वापरात आहेत त्यांचा रडार काटछेद एकदा पद्धतशीर मोजला जावा आणि तो जाहीर व्हावा. युद्धनौकेचा काटछेद गुपित असणे समजू शकते. मच्छीमाराच्या होडीचा काटछेद गुपित असण्याचे कारण नाही. सूक्ष्मलहरींच्या क्षेत्रात १९८४ पासून काम करणारी 'समीर' ही संस्था पवईला आयआयटीच्या आवारातच आहे. शेजारी खुद्द आयआयटी आहे. १० मीटरच्या होडीला साडेसहा किलोमीटर अंतर पुरते, आणि तेवढा मोकळा समुद्र गोराईसमोर कोणालाही उपलब्ध आहे. या मोजणीला युद्धनौकेच्या एका शिडाएवढाही खर्च येणार नाही.

दुसरी, प्रमाणित परावर्तक सरकारी खर्चाने द्यावेत आणि दर वर्षी जून-जुलैच्या मासेमारी बंदीच्या काळात, होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या असताना, त्यांची तपासणी मच्छीमार सहकारी संस्थांमार्फत व्हावी. तपासणी पोलिसी थाटाची नसावी. जो दिसतो त्याला डिझेलच्या सवलतीत किंवा विम्याच्या हप्त्यात काही लाभ मिळाला, तर दिसणे हे ओझे न राहता मिळकतीचा भाग होईल.

तिसरी गोष्ट शाळा-महाविद्यालयांच्या हातातील आहे. कांदिवलीपासून दहिसरपर्यंत शिक्षणसंस्थांच्या इमारतींना गच्च्यांची वाण नाही. महापालिकेची स्वयंचलित केंद्रे आहेतच. त्यांच्या जोडीला प्रत्येक संस्थेने एक साधा पर्जन्यमापक बसवला, विद्यार्थ्यांनी नेमाने नोंद ठेवली आणि हवामान खात्याने त्या नोंदी रडारशी ताडून पाहण्याची तयारी दाखवली, तर पोयसर नदीच्या काठी राहणाऱ्या कुटुंबाला मिळणारी सूचना आजच्यापेक्षा विश्वासार्ह होईल. विद्यार्थ्यांना सहाव्या घाताचे गणितही मग फळ्यावरून उतरून अंगणात आलेले दिसेल.

एखाद्या समाजाला काय मोजावेसे वाटते यावरून त्याचा प्राधान्यक्रम कळतो. ज्या किनाऱ्यावर सात हजार टनांचे जहाज होडीएवढे दिसावे म्हणून प्रत्येक कड आणि प्रत्येक कोपरा तपासला जातो, त्याच किनाऱ्यावरची खरी होडी किती दिसते याचा आकडा मच्छीमारांपुढे आणि जनतेपुढे नसावा, हे शास्त्राचे अपयश नव्हे. शास्त्र दोहोंना सारखेच लागू आहे. उणीव आहे ती ते होडीला लावून पाहण्याच्या इच्छेची.